खो मिळण्याआधीच उठणारी खेळाडू: पुण्यातल्या मैदानावरचं एक प्रकरण

खो-खोत बसलेल्या खेळाडूने खो मिळण्याआधी उठणं हा फाउल आहे. बघणाऱ्याला तो किरकोळ वाटतो, कारण त्यात कुणी बाद होत नाही आणि गुणफलक हलत नाही. आतल्यांना मात्र त्याची किंमत चांगली माहीत असते. पंचांची शिट्टी वाजली की आक्रमकाला, म्हणजे पाठलाग करणारीला, चाललेली दिशा सोडून उलट जावं लागतं आणि दोन पावलांवर आलेली संरक्षक, म्हणजे पळणारी, श्वास घ्यायला मोकळी होते. साखळी पुन्हा पहिल्यापासून बांधायची. एकाच चौकोनातून डावात तीन-चारदा असं झालं तर तो डाव गेल्यातच जमा.

पुण्यातल्या पेठांमधल्या एका जुन्या संघाच्या अठरा वर्षांखालच्या मुलींमध्ये अशी एक खेळाडू होती. अकरावीतली, शाळेपासून खेळणारी. मी क्रीडा फिजिओथेरपिस्ट आहे. त्या संघाचे सर दुसऱ्या एका मुलीच्या घोट्यासाठी आले असताना हिचा विषय निघाला. "मॅडम, चपळ आहे, खांबावर सूर मारते तेव्हा बघत राहावं. पण बूड म्हणून स्थिर नाही. उठते म्हणजे उठतेच." त्यांनी करायचं ते सगळं केलं होतं. रागावून झालं, समजावून झालं, मैदानाला फेऱ्या मारायला लावून झालं, एका स्पर्धेत राखीव ठेवूनही झालं. राखीव बसून परत आली ती आणखी उतावळी होऊन.

मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "ताई, उठायचं नाही हे मला माहीत असतं. पण ते मनात येईपर्यंत पाय उठलेले असतात."

मला ती सबब वाटली नाही. इतक्या नेमक्या शब्दांत स्वतःची अडचण सांगणारे खेळाडू फार भेटत नाहीत. ती जे सांगत होती त्यावर गेल्या काही दशकांत भरपूर काम झालं आहे: शरीराने ठरवलेली हालचाल ऐन वेळी रद्द करायला किती वेळ लागतो, आणि डोळ्यांना जे दिसतं त्याने ते सोपं होतं की अवघड. त्या कामाचा उपयोग मैदानावर होतो का, हे बघण्याची ही संधी होती.

चौकोनातून काय दिसतं

मधल्या पाटीवर आठ जणी बसतात, एकीचं तोंड इकडे तर शेजारणीचं तिकडे. नववी पाठलाग करते. तिला बसलेल्यांच्या रांगेतून पलीकडे जाता येत नाही. संरक्षक मात्र दोघींच्या मधून हवी तेव्हा आरपार जाऊ शकते. संरक्षक पलीकडे गेली की आक्रमक तिकडे तोंड करून बसलेल्या मैत्रिणीला खो देते. तो पाठीमागूनच द्यावा लागतो, हाताचा स्पर्श आणि 'खो' हा शब्द असा दोन्ही मिळून.

आता चौकोनात बसलेल्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. जिच्या हाताची वाट बघायची ती आक्रमक पाठीमागे आहे, म्हणजे दिसत नाही. दिसते ती फटीतून समोर येणारी संरक्षक. संरक्षक समोर आली की पुढच्या क्षणी पाठीवर हात पडणार, हे बहुतेक वेळा खरं ठरतं. लहानपणापासून रोज संध्याकाळी तेच: आधी डोळ्यांना संरक्षक, मग पाठीला हात. शरीर एवढ्यावर शिकतं आणि पहिल्या खुणेलाच निघू लागतं. पुण्यात कुठल्याही मोठ्या चौकात आडव्या रस्त्याचा दिवा लाल झालेला दिसला की आपला हिरवा व्हायच्या आत दुचाक्या सुटतात, तसंच हे.

कसलेल्या संरक्षकाला हे पुरतं ठाऊक असतं. ती एक खांदा आणि एक पाय फटीत घालते आणि तिथूनच मागे घेते. प्रेक्षकांना वाटतं हुलकावणी पाठलाग करणारीला दिली. बरोबरीच्या संघांमध्ये ती पुष्कळदा बसलेलीसाठी असते. ती उठली की शिट्टी, आणि शिट्टी झाली की सुटका.

१९१४ साली पुण्यात खो-खोचे नियम ठरवायला समिती बसली आणि १९२४ साली बडोद्याच्या जिमखान्याने नियमांचं पुस्तक काढलं. नियमात पुढे बरेच बदल झाले, मैदानाची मापं बदलली, पण 'पाठीमागून, स्पर्श आणि शब्द एकत्र' हा गाभा टिकला. बसलेलीने कशाची वाट बघायची हे त्यात स्वच्छ सांगितलं आहे. या प्रकरणात अडचण एवढीच होती की मुलगी तिसऱ्याच गोष्टीवर उठत होती, जी नियमात कुठेच नाही.

हळू गतीत

दोन मोबाइल लावले, एक समोर आणि एक बाजूला जमिनीलगत. सेकंदाला २४० चित्रं घेणारी सोय आता साध्या फोनमध्येही असते. एका चित्राला चार मिलिसेकंदांहून किंचित जास्त. एवढं आमच्या कामाला पुरेसं होतं.

ती बसायची ती पुढचा पाय सपाट, मागचा पाय चवड्यावर, दोन्ही हातांची बोटं जमिनीला टेकलेली. उठण्याचा क्रम दर वेळी एकच. मागच्या पायाची टाच आणखी वर जाते. मग पुढच्या पायाच्या अंगठ्याखालची माती दबते; आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला असला तर तो ठसा खोल होताना चित्रात अगदी स्पष्ट दिसतो. मग बोटं जमीन सोडतात. सगळ्यात शेवटी कंबर उचलली जाते. पंचांना दिसते ती कंबर.

फाउल झालेल्या प्रत्येक प्रसंगात टाच हलली ती फटीत संरक्षकाचा खांदा दिसल्यानंतर. हे अपेक्षितच होतं. चकित केलं ते दुसऱ्या गोष्टीने. जिथे फाउल झाला नव्हता, खो व्यवस्थित मिळाला होता आणि सरांनी "शाब्बास" म्हटलं होतं, तिथेही बहुतेक वेळा टाच आणि अंगठा स्पर्शाच्या आधीच कामाला लागलेले होते. हात वेळेवर पडला म्हणून ते खपून गेलं. म्हणजे फाउल हा तिचा अधूनमधून जाणारा तोल नव्हता. उठण्याची तिची रीतच तशी होती, आणि हुल मिळाली की ती उघडी पडत होती. चांगल्या वेळा बघून तिला शाबासकी दिली जात होती ती याच सवयीबद्दल, आणि शिक्षाही याच सवयीबद्दल.

आणखी एक गोष्ट लागोपाठ दिसली. अंगठा दबल्यानंतरही ती कधीकधी परत बसू शकत होती. बोटांनी जमीन सोडल्यावर मात्र ती परत आलेली एकाही चित्रफितीत सापडली नाही.

दोन धावणाऱ्या

१९८४ साली गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन यांनी थांबण्याच्या क्षमतेचं एक गणिती रूप मांडलं. हालचाल सुरू करण्याची प्रक्रिया आणि ती रद्द करण्याची प्रक्रिया अशा दोघींची शर्यत लागते. सुरुवात करणारी आधी निघालेली असते, थांबवणारी मागाहून. जी आधी पोचेल तिचं चालतं. प्रयोगशाळेत पडद्यावर बाण दिसतो, बाणाच्या दिशेचं बटण दाबायचं. साधारण चारांतल्या एका वेळी बाणानंतर काही क्षणांनी थांबण्याची खूण येते. ती खूण किती उशिरा येते हे थोडं थोडं बदलत नेलं की माणूस निम्म्या वेळा थांबू शकतो आणि निम्म्या वेळा नाही, असा बिंदू सापडतो. त्यावरून थांबायला लागणारा वेळ काढता येतो. तो थेट मोजता येत नाही, कारण थांबणं म्हणजे काही न घडणं, आणि न घडलेल्या गोष्टीवर घड्याळ लावणार कसं? निरोगी तरुणांमध्ये हा वेळ साधारण २०० ते २५० मिलिसेकंदांच्या आसपास येतो.

आता ही शर्यत पाटीवर आणू. फटीत खांदा दिसला त्या क्षणाला शून्य धरू. डोळ्यांना दिसलेल्या खुणेवर पाय निघायला तयार माणसाला दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, आधीच टपून बसलेल्याला त्याहूनही कमी. संरक्षकाने खांदा घातल्यावर शंभर मिलिसेकंदांनी मागे घेतला असं समजू. थांबवणारी प्रक्रिया तिथून निघणार, म्हणजे ती पोचेपर्यंत तीनशे ते साडेतीनशे झाले. तोपर्यंत बोटांनी जमीन सोडलेली असते. मुलीने कितीही निश्चय केला तरी या बेरजेत तिला जागाच नाही. आणि सेकंदाला पाच मीटर पळणारी संरक्षक पाव सेकंदात सव्वा मीटर जाते, म्हणजे दोन चौकोनांमधल्या अंतराच्या जवळजवळ निम्मं.

२०१६ साली बर्लिनमधल्या एका गटाने याचीच दुसरी बाजू दाखवली. तिथे लोक आपल्या मर्जीने पायाने पेडल दाबत होते आणि संगणक मेंदूतले विद्युत संकेत वाचून, हालचालीची तयारी दिसली की लाल दिवा लावत होता. तयारी सुरू झाल्यावरही लोक थांबू शकत होते, पण हालचाल सुरू होण्याच्या साधारण २०० मिलिसेकंद आधीपर्यंतच. त्यानंतर लाल दिवा लागला तर पाय हलायचाच. क्रिकेटमध्येही पीटर मॅक्लिऑड यांनी १९८७ साली दाखवलं की टप्पा पडल्यावर चेंडूने अनपेक्षित वळण घेतलं तर निष्णात फलंदाजालाही फटक्यात बदल करायला दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. चांगल्या खेळाडूचे डोळे इतरांपेक्षा फार वेगळे असतात असं नाही.

प्रयोगशाळेतल्या माणसाला एक सोयही असते. त्याला थांबण्याची खूण ठसठशीत मिळते, नजरेसमोर. बाकी दृश्यांच्या गर्दीत किंवा नजरेच्या कडेला खूण आली की थांबणं अवघड होतं. आमच्या मुलीला तर धड खूणच नव्हती. थांब असं सांगणारं काय होतं? डोळ्यांच्या कोपऱ्यात मागे जाणारा खांदा, आणि पाठीवर न पडलेला हात. न पडलेल्या हातावर थांबायला शिकवणार कोणाला?

ब्रेक ठीक आहे का

मध्येच मुलीची आई भेटायला आली. नात्यातल्या कुणीतरी सांगितलं होतं की मुलगी चंचल आहे, डॉक्टरांना दाखवा. "हिला काही आहे का हो, ताई? खरं सांगा." प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. लक्ष एकाग्र न होण्याची आणि अतिचंचलतेची अवस्था असलेल्या मुलांच्या गटांत थांबायला लागणारा वेळ सरासरीने जास्त दिसतो, हे खरं आहे. पण त्या एका मापावरून कुणाचं निदान होत नाही. आणि ही मुलगी वर्गात, घरी, सायकलवर, कुठेच उतावळी नव्हती. मैदानावरसुद्धा एकाच प्रकारच्या क्षणी ती उठत होती. सरसकट चंचल माणूस इतका ठरावीक वागत नाही.

तरी खात्री करावी म्हणून लॅपटॉपवर बाणांची चाचणी घेतली, तिची आणि संघातल्या आणखी काही मुलींची. २०१९ साली या क्षेत्रातल्या बऱ्याच संशोधकांनी मिळून ही चाचणी कशी घ्यावी याच्या सूचना दिल्या आहेत. त्यात थांबण्याच्या खुणेच्या किमान पन्नास फेऱ्या हव्यात असं म्हटलं आहे. कंटाळवाणं काम, पण मुलींनी केलं. हिचा थांबण्याचा वेळ मैत्रिणींच्या बरोबरीचाच निघाला. आईला तो आलेख दाखवला. ब्रेक शाबूत होता. ज्या क्षणी तो लावावा लागत होता त्या क्षणी कुणाचाच लागला नसता.

इथे प्रकरणाची दिशा बदलली. तोवर सगळ्यांचे प्रयत्न 'थांबायला शिकवणे' या एकाच बाजूने चालले होते, माझेही. आता लक्ष सुरुवातीकडे गेलं. थांबवणारीला जोरात पळवता येत नसेल, तर सुरुवात करणारीला इतक्या लवकर कोण सोडतंय ते बघायला हवं होतं.

डोळे मिटून

सरांना सांगितलं, हिला डोळे मिटून बसवा. ती तशी बसली, संरक्षक समोर हुलकावण्या देत राहिली, ही ढिम्म. हात पडला की उठायची. आगाऊ उठणं त्या क्षणापासून बंद. जी गोष्ट दोन वर्षं रागावून झाली नव्हती ती पापण्या मिटल्याबरोबर झाली. सर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे पोरीचा दोष नव्हता."

पण तेवढ्याने भागत नव्हतं. डोळे मिटलेले असताना ती उठायची वेळेवर आणि मग गोंधळायची. खो मिळाल्यावर आक्रमकाने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत ती बदलता येत नाही. डावीकडे की उजवीकडे, हे उठण्याआधी ठरलेलं पाहिजे, आणि ते डोळ्यांशिवाय कसं ठरणार? फ्रान्सिस्कस डोंडर्स या डच शास्त्रज्ञाने १८६८ सालीच दाखवलं होतं की दोन पर्यायांतून एक निवडून हालचाल करायला, ठरलेली एकच हालचाल करण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. निवड आधी उरकली असेल तर नंतर खुणेला फक्त 'हो' म्हणायचं उरतं. सरांनी विचारलं होतं की मग हिला कायम जमिनीकडे बघायला सांगू का. त्याचं उत्तर यातच होतं. डोळे बंद करून चालणार नव्हतं. त्यांच्याकडे एकच काम ठेवायचं होतं, दिशेचं. निघायची वेळ त्यांनी ठरवायची नाही, ती पाठीने ठरवायची.

यावर मुलीची खरी भीती बाहेर आली. "हात पडेपर्यंत थांबले तर उशीर होतो ना, ताई." सगळ्यांनाच असं वाटतं. प्रत्यक्षात त्वचेवरचा स्पर्श आणि कानावरचा आवाज यांना शरीर डोळ्यांपेक्षा थोडं लवकर उत्तर देतं. दृष्टिपटलात प्रकाशाचं विद्युत संकेतात रूपांतर व्हायला रासायनिक पायऱ्या चढाव्या लागतात, त्यात कित्येक मिलिसेकंद जातात. त्वचा दाबली गेली की संकेत जवळपास लगेच निघतो. पाठीपासून मेंदूपर्यंतचं अंतरही फार नाही. ॲथलेटिक्समध्ये बंदुकीनंतर शंभर मिलिसेकंदांच्या आत निघालेल्या धावपटूला आगाऊ निघाला असं धरतात, कारण आवाज ऐकून त्याहून लवकर निघता येत नाही असं मानलं जातं. दिशा ठरवून बसलेली मुलगी स्पर्शानंतर साधारण दीडशे मिलिसेकंदांत निघू शकते. पूर्वी ती स्पर्शाच्याही आधी निघत होती, त्यामुळे घड्याळाने बघितलं तर ती आता उशिराच उठणार होती. पण तो आधीचा वेग उधारीचा होता आणि दर हुलेला त्याची फेड संघ करत होता. हे सरांनी मान्य केलं, आणि मला वाटतं सगळ्यात अवघड निर्णय तोच होता.

सरावात काय बदललं

सर्वांत आधी सराव स्वतःच तपासला. सरावात संरक्षक समोर आली की खो येणारच, असा अलिखित करार होता. पोरींचा वेळ वाया जाऊ नये म्हणून सगळे तसंच करायचे. म्हणजे डोळ्यांच्या खुणेवर निघायचं शिक्षण आम्हीच देत होतो, रोज. मग सरावात अशा फेऱ्या घातल्या की संरक्षक कापून येईल पण खो शेजारणीला जाईल, किंवा येणारच नाही. सरांनी सुरुवातीला उत्साहाने निम्म्या वेळा खो रोखला. लगेच दुसरं टोक दिसलं. फाउल गेले, पण मुलगी जड झाली. हात पडला तरी क्षणभर विचार करून उठायची. थांबावं लागेल अशी अपेक्षा वाढली की माणूस निघण्यातच सावकाश होतो, हे चाचण्यांमध्ये वारंवार दिसतं. म्हणून फसव्या फेऱ्या चारांत एकीच्या आसपास आणल्या, प्रयोगशाळेतल्या प्रमाणाला धरून, आणि त्या कधी येणार याचा काही क्रम ठेवला नाही. जडपणा हळूहळू उतरला.

दुसरं, बोटं. टाच उचलू दे, अंगठा दाबू दे; ती तयारी आहे आणि तयारी हवीच. पण स्पर्शाआधी बोटांनी जमीन सोडायची नाही. "शांत बस" या सूचनेने तिला काहीच करता येत नव्हतं. बोटं दाबून धर, हे तिला करता आलं, कारण ते कुठे आणि कसं करायचं हे शरीराला कळतं. मॅटवर हे शिकवणं थोडं कठीण गेलं, तिथे मातीसारखी बोटं रुतत नाहीत. पण मोठे सामने आता मॅटवरच होतात, २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झालेला पहिला विश्वचषकसुद्धा मॅटवरच खेळला गेला, तेव्हा ते टाळून चालणार नव्हतं.

तिसरी गोष्ट मला चित्रफिती पुन्हा बघताना हाती लागली आणि ती या मुलीची नव्हतीच. संघातल्या दोन चांगल्या आक्रमक 'खो' आधी ओरडायच्या आणि हात नंतर टेकवायच्या, तोही निसटता. मागून नक्की काय येणार याचा भरवसा नसेल तर बसलेली मुलगी समोर जे दिसतं त्यावर विसंबणारच. शेजारणीला दिलेल्या खोचा आवाजही अडीच मीटरवरून कानावर येतो. 'हा आपलाच' हे फक्त स्पर्श सांगतो. त्या दोघींना तळवा पूर्ण टेकवून, आवाजाबरोबरच खो द्यायला लावलं. याची त्यांना सवय व्हायला बसणारीपेक्षा जास्त वेळ लागला. एकीला तर ही तक्रारच वाटली: फाउल तिचे, सुधारायचं मी? सरांनी तिला स्वतःला चौकोनात बसवलं, मागून दुसरीला तसाच निसटता खो द्यायला सांगितलं आणि समोर हुल घातली. ती उठली. पुढे वाद झाला नाही.

पावसाळा संपेपर्यंत आगाऊ उठणं तुरळक झालं. हळू गतीत बघितलं तर टाच अजूनही खांद्याबरोबर हलते. ती हलू नये असा प्रयत्न आम्ही केलाही नाही. बोटं मात्र हाताची वाट बघतात.

राहिलेलं

दिवाळीनंतरच्या एका स्पर्धेत समोरच्या संघाच्या अनुभवी संरक्षकाने दुहेरी हुल काढली: आत, बाहेर आणि पुन्हा आत. आमची मुलगी पहिल्या हुलेला उठली नाही. बोटं घट्ट धरली, छान थांबली. लगेच खरा खो आला आणि ती उठायला स्पष्ट उशीर झाला. संरक्षक हाताएवढ्या अंतराने निसटली. प्रेक्षकांतून "झोपली का?" असा आवाज आला. ती झोपली नव्हती. घाईत लावलेला ब्रेक फक्त हव्या त्या स्नायूपुरता लागत नाही. मेंदूच्या उजव्या पुढच्या भागातून निघालेला थांबण्याचा आदेश खोल गाभ्यातल्या एका छोट्या केंद्रामार्फत जवळच्या वाटेने जातो. तो वेगवान असतो पण ढोबळ, त्या क्षणी शरीराचे इतर भागही आवळतो. हाताची हालचाल तडकाफडकी रोखली तर पायाचे स्नायूही क्षणभर दबतात, असं प्रयोगांत मोजलं गेलं आहे. त्याच क्षणात पुन्हा निघायचं झालं तर उशीर ठरलेला.

यावर दोन बाजूंनी काम चालू आहे. एक, फसव्या फेरीनंतर लगेच खरा खो देण्याचा सराव, म्हणजे थांबून पुन्हा निघणं हीच एक ओळखीची हालचाल होईल. दोन, पाठीमागच्या आक्रमकाने दुहेरी हुल ओळखून खो अर्ध्या पावलाने उशिरा द्यायचा, बसलेलीला सैल व्हायला तेवढी जागा ठेवायची. दुसरी गोष्ट सरांना पटलेली नाही. त्यांच्या मते तेवढ्या वेळात संरक्षक खांब गाठेल. अर्धवट ओल्या मातीत आणि मॅटवर दोन्हीकडे मोजून बघायचं ठरलं आहे, आणि या वेळी मोबाइल चौकोनावर न रोखता खो देणारीच्या हातावर रोखायचा आहे.